मशीन घराघरात, पण टाकीचं काय?



सोलापुरातल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये काय बोललं जातं, हे मी तिथे न येताही सांगू शकतो. लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगची भांडणं, मेन्टेनन्स थकवणारे सभासद, रंगकाम आणि गणपतीची वर्गणी. पाण्याचा विषय निघतोच, पण तो एवढाच असतो की पाणी पुरत नाही, टँकर मागवायचा का आणि वरच्या मजल्यावर प्रेशर का येत नाही. पाणी किती आहे यावर तासभर चर्चा होते. पाणी कसं आहे आणि ज्या टाकीतून ते येतं ती शेवटची कधी उघडली, हे कोणी विचारत नाही. चुकून कोणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं: "आमच्याकडे आरओ आहे."

आज मला याच उत्तराबद्दल बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाणी शुद्ध करायचं काम आपण घराघरात वाटून घेतलं आणि त्या नादात इमारतीची टाकी बेवारस झाली. जुलाब, टायफॉईड आणि कावीळ यांच्यापासून अपार्टमेंट वाचवायचं असेल, तर आधी टाकी आणि नंतर मशीन असा क्रम हवा. आपण तो उलटा केला आहे.

नळाचं पाणी टाकीपर्यंत कसं येतं?

सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं. उजनी धरणावरून जलवाहिनीने, टाकळी येथून भीमा नदीचं, आणि हिप्परग्याच्या तलावाचं. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ इथल्या केंद्रांत ते गाळून त्यात क्लोरीन मिसळलं जातं. तिथून निघालेलं पाणी तुमच्या गल्लीत येतं ते मात्र रोज नाही. चार-पाच दिवसांआड पाणी, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. चावीवाला कधी येणार यावर घरातली कामं ठरतात.

हे दिवसाआडचं पाणी फक्त गैरसोयीचं नाही, ते आरोग्याचाही प्रश्न आहे. त्याचं कारण समजून घ्या. पाइपमधून पाणी दाबाने वाहत असतं, तेव्हा पाइपला भोक असलं तर पाणी बाहेर येतं, बाहेरची घाण आत जात नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आतला दाब उतरतो. मग जमिनीतलं पाणी त्याच भोकातून आत झिरपतं. शेजारून गटार किंवा ड्रेनेजची लाइन जात असेल, तर काय झिरपत असेल ते वेगळं सांगायला नको. चार दिवसांनी पाणी सुटतं, तेव्हा सुरुवातीची काही मिनिटं हेच पाणी पुढे ढकललं जातं.

त्यात भर घालतो आपण. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणं नियमात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते तुमच्याच तब्येतीला घातक आहे, हे फार कमी लोकांना माहीत आहे. मोटार पाइपमधलं पाणी जोराने खेचते, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक गळतीतून बाहेरचं पाणीही आत ओढलं जातं. आपल्याला वाटतं आपण शेजाऱ्याआधी पाणी मिळवलं. प्रत्यक्षात आपण त्याच्या दारापुढचं गटारही ओढलेलं असू शकतं.

हौदापासून किचनपर्यंत जबाबदारी कोणाची?

महापालिकेचं पाणी तुमच्या इमारतीच्या खालच्या हौदात पडलं की पुढचा सगळा प्रवास तुमच्या मालकीचा. हौद, मोटार, वर जाणारा पाइप, गच्चीवरची टाकी, तिथून खाली येणारे पाइप. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पाण्याच्या टाक्या, पंप आणि बाहेरच्या जलवाहिन्या यांची देखभाल संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायची आहे, हे स्पष्ट आहे. तुमच्या इमारतीत नोंदणीकृत संस्था नसली, नुसतीच दहा-बारा फ्लॅटवाल्यांची कमिटी असली, तरी हौद तुमचाच आहे. महापालिकेचा माणूस येऊन तो धुणार नाही.

आता खाली पार्किंगमध्ये जाऊन तुमचा हौद बघा. बऱ्याच जुन्या अपार्टमेंटमध्ये झाकण फरशीच्या पातळीतच असतं. त्यावरून गाड्या जातात. गाडी धुतलेलं आणि पार्किंग झाडून धुतलेलं पाणी त्याच्या कडेने आत उतरतं. काही ठिकाणी ड्रेनेजचा चेंबर हौदापासून चार-पाच फुटांवर असतो. चेंबर तुंबला की ते पाणी कुठे जाईल, याचा विचार बांधताना कोणी केलेला नसतो. मग गच्चीवर जा. टाकीचं झाकण तुटलेलं असेल, वर दगड ठेवलेला असेल, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसेल. कबुतरं तिथे बसतात. त्यांची विष्ठा पावसाने कुठे वाहते, तेही बघा.

केंद्रातून निघताना पाण्यात असलेलं क्लोरीन साठवणुकीत दिवसागणिक उडून जातं, आणि टाकीच्या तळाशी गाळ असेल तर अजून लवकर संपतं. म्हणजे पाणी चांगलं आलं तरी चौथ्या दिवशी तुम्ही जे पिता, त्याला कसलंच संरक्षण उरलेलं नसतं.

इमारतीचं दुखणं डॉक्टरला दिसत नाही

ही गोष्ट नीट वाचा, कारण ती माझ्या व्यवसायाच्या मर्यादेबद्दल आहे. माझ्याकडे जुलाबाचा पेशंट येतो, तेव्हा मला एक माणूस दिसतो. त्याच्या वरच्या मजल्यावरची मुलगी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेली असते, समोरच्या आजोबांनी मेडिकलमधून गोळी आणलेली असते आणि तळमजल्यावरच्या वहिनी माहेरी जाऊन आजारी पडलेल्या असतात. चौघांचं पाणी एक असतं, पण चौघांचे कागद चार ठिकाणी असतात.

शिवाय सगळे आजार एकाच दिवशी येत नाहीत. पाणी दूषित झालं तर जुलाब-उलट्या काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत सुरू होतात. टायफॉईडचा ताप साधारण एक ते दोन आठवड्यांनी येतो. कावीळ तर त्याहून उशिरा. पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' या दोन काविळी विषाणू पोटात गेल्यावर दोन आठवड्यांपासून सात-आठ आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. डोळे पिवळे झाल्यावर लोक मला विचारतात, "डॉक्टर, परवा बाहेर पाणीपुरी खाल्ली, त्याने झालं का?" परवाच्या पाणीपुरीने आज कावीळ होत नाही. महिन्यापूर्वी तुम्ही काय प्यायलात, हा खरा प्रश्न असतो, आणि महिन्यापूर्वी बहुतेक वेळा तुम्ही घरचंच पाणी प्यायलेलं असता.

हिपॅटायटिस 'ई' बद्दल एक गोष्ट विसरू नका. धडधाकट माणसाला ती थकवते आणि बहुधा बरी होते. पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. याच महाराष्ट्रात इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ पाहिली आहे. तुमच्या इमारतीत कोणाला दिवस गेलेले असतील, तर तुमच्या हौदाच्या झाकणाचा तिच्याशी थेट संबंध आहे.

म्हणून माझी विनंती आहे की इमारतीने स्वतःची नोंद ठेवावी. दोन आठवड्यांत दोन वेगवेगळ्या घरांत जुलाब, टायफॉईड किंवा कावीळ झाली, तर तो योगायोग समजू नका. त्याच दिवशी सगळ्यांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात करा, टाकी तपासा आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. डॉक्टरकडे जाल तेव्हा "आमच्या बिल्डिंगमध्ये अजून दोघांना हेच झालंय" एवढं एक वाक्य आवर्जून सांगा. त्या वाक्याने आमचा विचार बदलतो. साथ सगळ्यात आधी डॉक्टरला कळत नाही, ती वॉचमनला आणि जिन्यात बोलणाऱ्या बायकांना कळते.

पुण्यात जे झालं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजे बातम्यांतला 'जीबीएस', या आजाराची साथ आली. हातापायांतली ताकद अचानक जाते, काहींना श्वासही घेता येत नाही, व्हेंटिलेटर लागतो. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यातला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदवला गेला, तो रुग्ण पुण्याहून आलेला होता. त्यामुळे ही बातमी आपल्याला लांबची नव्हती.

जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही. अनेकदा आधी पोटाचा संसर्ग होतो आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पुण्यातल्या काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. मोठ्या संख्येने रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागातले होते आणि नांदेड गावातल्या एका मोठ्या विहिरीच्या पाण्यावर सगळ्यांचं लक्ष गेलं. महापालिकेत नव्याने आलेली ही गावं, पण तिथे मोठमोठे गृहप्रकल्प आहेत. म्हणजे यात चांगल्या फ्लॅटमध्ये राहणारी, नोकरदार, शिकलेली माणसंही सापडली.

जुलाब झालेल्या प्रत्येकाला जीबीएस होत नाही. तो फार क्वचित होतो, त्यामुळे घाबरू नका. पण 'पोट बिघडलंय, होईल बरं' इतक्या सहज आपण ज्याकडे बघतो, त्या गोष्टीची किंमत कधी कधी किती मोठी असते, हे त्या साथीने दाखवलं. जुलाबानंतर काही दिवसांनी किंवा दोन-तीन आठवड्यांत पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लटके पडणं, हाताची पकड सुटणं असं काही जाणवलं, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मग आरओ आहे ना?

आरओ वाईट नाही. बोअरचं क्षारयुक्त पाणी प्यावं लागत असेल तर त्याचा उपयोग आहे. पण त्याच्या भरवशावर टाकी विसरणं चूक आहे, त्याची कारणं सांगतो.

पहिलं, मशीनचं पाणी तुम्ही फक्त पिता. भाजी धुता, तोंड धुता, दात घासता, ताट विसळता ते टाकीच्याच पाण्याने. लहान मूल आंघोळ करताना किती पाणी गिळतं, हे आईला विचारा.

दुसरं, मशीनमधला कार्बनचा फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे मशीनच्या टाकीत साठलेलं पाणी जंतूंपुढे निशस्त्र असतं. फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर मशीनच जंतूंचं घर होतं. तुमच्या मशीनची शेवटची सर्व्हिस कधी झाली, हे आठवून बघा.

तिसरं, टीडीएसचा आकडा. दारावर येणारा विक्रेता मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. तो मीटर जंतू दाखवत नाही. टीडीएस ९० असलेल्या पाण्यातही काविळीचा विषाणू असू शकतो आणि ६०० असलेलं पाणी जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ असू शकतं. भारतीय मानकांनुसार ५०० पर्यंतचा टीडीएस पिण्याच्या पाण्याला चालतो. तेवढ्या पाण्याला आरओ लागतच नाही, आणि आरओ बरंचसं पाणी मोरीत सोडून देतो. ज्या गावात चार दिवसांआड पाणी येतं, तिथे हे परवडणारं नाही.

जारच्या पाण्याचंही तेच. ते थंड असतं, स्वच्छ असेलच असं नाही.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या इमारतीत अशी माणसं आहेत, ज्यांच्याकडे मशीन नाही. जिन्याखालच्या किंवा पार्किंगमधल्या खोलीत राहणारा वॉचमन, त्याची बायको, त्यांची पोरं. त्यांचा नळ थेट टाकीचा असतो. घरकामाला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, काम करायला आलेले गवंडी, सगळे तिथेच तांब्या लावतात. आपण वर मशीनचं पाणी पिणार आणि खाली तीच टाकी न धुता त्यांना देणार, हे मला पटत नाही. ज्याला हे माणुसकीच्या नात्याने पटत नसेल, त्याने निदान स्वार्थासाठी विचार करावा. मावशी टायफॉईडमधून उठल्यावर तुमच्याच घरी पोळ्या लाटणार आहेत. टायफॉईडचे जंतू बरं वाटल्यानंतरही काही जणांच्या विष्ठेतून बरेच दिवस जात राहतात. एका टाकीवर राहणाऱ्यांची तब्येत मजल्याप्रमाणे वेगळी करता येत नाही.

टाकी धुवायची कशी आणि कधी?

लोकांची पहिली अडचण असते: "डॉक्टर, सोलापुरात पाण्याचा थेंब मिळत नाही आणि तुम्ही टाकी रिकामी करायला सांगता!" म्हणूनच दिवस नीट निवडा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी टाकी तशीही तळाला गेलेली असते. धुण्याचा दिवस तोच. उरलेलं पाणी फरशी, संडास आणि झाडांसाठी बादल्यांत काढून घ्या. निदान सहा महिन्यांतून एकदा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी, खालचा हौद आणि वरची टाकी दोन्ही धुवा. तीन महिन्यांनी धुतलीत तर उत्तम.

पद्धत साधी आहे. गाळ काढायचा, भिंती आणि तळ ब्रशने घासायचे, धुवून ते पाणी काढून टाकायचं. मग दहा लिटर पाण्यात साधारण दहा ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ते द्रावण आतून भिंतींना लावायचं, अर्धा तास ठेवायचं आणि पुन्हा धुवायचं. ॲसिड किंवा संडास धुण्याचं लिक्विड त्यात मुळीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

एक कळकळीचा इशारा. बंद हौदात माणूस उतरवणं धोक्याचं आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा भागात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीची टाकी साफ करायला उतरलेले मजूर गुदमरून दगावले. झाकण काही तास आधी उघडून ठेवा, पंखा लावून हवा खेळती करा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं उभी ठेवा. आत पेट्रोलचा किंवा डिझेलचा पंप चालवू नका. आतला माणूस कोसळला, तर त्याला वाचवायला दुसऱ्याने तसंच आत उडी मारू नये. असे दुसरे आणि तिसरे बळी नेहमी जातात. शक्य असेल तर यंत्राने टाकी धुणाऱ्यांना बोलवा. वॉचमनला दोनशे रुपये देऊन "उतर रे जरा" म्हणणं बंद करा.

रोजच्या पाण्यासाठी क्लोरीन तपासायला शिका. गावाकडे ज्याला ओटी टेस्ट म्हणतात, ती करणारी छोटी किट स्वस्तात मिळते. पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. घरच्या नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. रंगच आला नाही, तर टाकीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, घालावी लागेल. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. हौदातल्या पाण्याची लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, म्हणजे लिटर मिळतील. हौद दहा बाय आठ फुटांचा आणि पाणी पाच फूट असेल तर ते सुमारे ११,२०० लिटर होतं. त्याला २८ ग्रॅम पावडर पुरे. पावडर ताजी, घट्ट बंद डब्यातली हवी. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं हौदात ओता आणि एक तास थांबून मग वापरा. अंदाजाने मूठभर टाकू नका.

ज्या दिवशी पाणी सुटेल, त्या दिवशी सुरुवातीचं गढूळ किंवा वासाचं पाणी हौदात घेऊ नका. ते बादल्यांत भरून वापरायच्या कामाला ठेवा.

साठवलेलं पाणी आणि डास

पाणी रोज येत नाही म्हणून आपण घरातही साठवतो. बॅरल, पिंप, बादल्या, घागरी. शिवाय उन्हाळ्यातले कूलर, ज्यांचं पाणी पावसाळ्यातही तसंच राहतं. डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो. गटारात नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. तो दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच इमारतीत किंवा शेजारी जन्मलेला असतो. धुराची गाडी फिरली की उडते डास मरतात, बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात.

आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी भांडी रिकामी करा. नुसती उलटी करून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तगतात. त्यामुळे आतून घासायलाच हवं. रिकामं करता येत नाही त्या पिंपावर कापड घट्ट बांधा. जो फ्लॅट बंद आहे, ज्याचा मालक पुण्या-मुंबईला आहे, त्याच्या बाल्कनीतल्या कुंड्या आणि कूलर कोण बघणार, हे मीटिंगमध्ये ठरवा.

काही नेहमीचे आक्षेप

"खर्च कोण करणार?" दहा फ्लॅटच्या इमारतीत टाकी धुण्याचा खर्च वाटला, तर एका घराच्या वाट्याला एका टायफॉईडच्या पेशंटच्या तपासण्यांपेक्षाही कमी येतो. हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं तर हिशोबच सोडा.

"हे महापालिकेचं काम आहे." पाणी शुद्ध करून देणं, गळक्या लाइन दुरुस्त करणं हे त्यांचंच काम आहे आणि त्याबद्दल तक्रार केलीच पाहिजे. एकट्याने नको, इमारतीच्या नावाने लेखी करा. पण हौद धुणं त्यांचं काम नाही.

"समांतर जलवाहिनीमुळे रोज पाणी येईल." येवो, मलाही तेच हवं आहे. पण पाणी रोज आलं तरी ते तुमच्या हौदातच पडणार आहे.

नोटीस बोर्डसाठी

खालचा मजकूर उतरवून घ्या आणि तुमच्या इमारतीच्या तारखा घालून लावा.

*सर्व रहिवाशांसाठी सूचना*
*१. हौद आणि वरची टाकी धुतल्याची तारीख: ______ पुढची तारीख: ______*
*२. पाणी आल्यावर आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी क्लोरीन तपासणे. जबाबदारी: फ्लॅट क्र. ____*
*३. नळाला थेट मोटार लावू नये.*
*४. हौदाच्या झाकणाजवळ गाडी धुऊ नये.*
*५. दर रविवारी बॅरल, पिंप, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासणे.*
*६. घरात कोणाला जुलाब, टायफॉईड, कावीळ किंवा डेंग्यू झाल्यास कमिटीला कळवावे. नाव जाहीर केले जाणार नाही.*
*७. वॉचमनच्या खोलीत पिण्याच्या पाण्यासाठी फिल्टर किंवा उकळलेल्या पाण्याची सोय इमारतीच्या खर्चाने.*

सहाव्या मुद्द्याबद्दल लोक संकोच करतात. आजार लपवण्यासारखा नसतो, आणि तुम्ही वेळेवर सांगितल्याने शेजारचं मूल वाचू शकतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की पहिलं औषध ओआरएस. एक मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात, घोट घोट द्या. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं, शौचात रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, तीन दिवसांहून जास्त ताप, पिवळे डोळे किंवा गडद पिवळी लघवी यांपैकी काही दिसलं तर लगेच दाखवा. कावीळ झालेली गरोदर बाई त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये गेली पाहिजे. झाडपाल्याच्या औषधासाठी एक दिवसही घालवू नका. डेंग्यूची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्या, आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको. ताप उतरल्यावर पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी आली, तर तो बरं होण्याचा नाही, धोक्याचा काळ आहे.

नोंदणीकृत सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत "पाण्याच्या टाक्यांची स्वच्छता आणि तपासणी" हा विषय लेखी टाकायला सांगा, रंगकामाच्या वर. आणि सभा सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून खाली जाऊन हौदाचं झाकण एकदा उघडा. आत जे दिसेल ते बघितल्यावर ठराव मांडायला कोणाला फार बोलावं लागणार नाही.